ग्रामदैवताचा महिना

कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, असा आमच्या कारखान्यात नियम होता. डोंबिवली एमआयडीसीतला रंगाचा कारखाना तो. कापड रंगवायची पावडर बनायची. मागच्या नाल्याचं पाणी रोज नव्या रंगाचं वाहायचं, कामगारांच्या नखांतला रंग त्यांच्या लग्नातही निघायचा नाही, आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पण कॉम्प्युटरला धूळ लागता कामा नये. त्याच्यासाठी एसी बसवला, खिडक्यांना पडदे शिवले, नारळ फोडला. ऑफिसातल्या टेबलांवर त्याला तारेनं जोडलेले नुसते स्क्रीन होते. नव्वद सालानंतरची ती वर्षं. ज्याच्याकडे कॉम्प्युटर तो शहाणा, असं तेव्हा सगळेच धरून चालायचे.

मी डिस्पॅचला क्लार्क होते. तयार माल गाडीत चढवून घ्यायचा, त्याचे कागद करायचे आणि गाडी गेटबाहेर काढायची, एवढं माझं काम. घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची, आणि तिच्याशी हुज्जत घालायची गिऱ्हाइकांची छाती व्हायची नाही. तिचं तोंड माझ्या वाट्याला आलेलं. ऑफिसात मी ते बऱ्यापैकी मिटून ठेवायचे, पण डोळे उघडेच असायचे.

मालक दोन, बाप आणि मुलगा. बापाला आम्ही मोठे साहेब म्हणायचो, मुलाला धाकटे. मोठ्या साहेबांनी एका पत्र्याच्या शेडमधून कारखाना उभा केला होता आणि त्या नादात जगातल्या एकूण एक माणसावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. धाकट्यांचा विश्वास फक्त स्वतःवर होता, आणि तो कशाच्या जोरावर ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मोठ्यांना सॉफ्टवेअर कडक पाहिजे होतं, कोणी कोणाच्या कामात हात घालू शकणार नाही असं. धाकट्यांना सोपं पाहिजे होतं, बटन दाबलं की झालं. ठाण्याचा सॉफ्टवेअरवाला दोघांनाही हो म्हणाला. त्याला काय, त्याला विकायचं होतं.

त्यानं काय केलं, तर कडकपणा सगळा आमच्या वाट्याला दिला आणि सोपेपणा सगळा धाकट्या साहेबांच्या. आम्हाला प्रत्येकाला एक ‘रोल’ मिळाला. रोल म्हटल्यावर आधी आम्ही हसलो, मग हसू विरलं. स्टोअरवाल्यानं फक्त माल घ्यायचा, लॅबनं फक्त तपासून पास की नापास ते टाकायचं, मी फक्त गाडी काढायची. दुसऱ्याचं पान चुकून उघडलं, तर कॉम्प्युटर टूं करून ओरडायचा आणि तुम्हाला अधिकार नाही असं इंग्रजीत सांगायचा. ती टूं अख्ख्या ऑफिसला ऐकू जायची. एक साधी गाडी काढायला मला पानामागून पान भरावं लागायचं, आणि मध्ये एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. धाकटे साहेब मात्र एका बटनावर सगळ्या कारखान्याचा आकडा बघायचे, आणि बघून काहीही करायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र मोठ्या साहेबांनी हट्टानं करून घेतली होती. लॅबच्या पानावर मालकांनाही हक्क नव्हता. लॅबनं पास म्हटल्याशिवाय लॉट बाहेर पडायचा नाही, मग मालक का असेना. गिऱ्हाईक आलं की मोठे साहेब हे छाती फुगवून सांगायचे. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं असेल तर एवढ्या एका गोष्टीचं.

आता पासवर्ड. शिकवायला आला तेव्हा सॉफ्टवेअरवाला म्हणाला, कधीच विसरणार नाही असा एक शब्द टाका आणि कोणाला सांगू नका. अख्ख्या ऑफिसनं आपापल्या कुलदैवताचं नाव टाकलं. कोणी कोणाला विचारलं नाही, ठरवून केलं नाही. दुसरं काही सुचलंच नाही कोणाला. मी एकवीरा टाकलं. अकाउंट्सचे काका तर टाइप करायच्या आधी हात जोडायचे. मग महिना संपला आणि कॉम्प्युटर म्हणाला, नवा शब्द द्या, मागचा चालणार नाही. तेव्हा सगळ्यांनी ग्रामदैवत टाकलं. पुढच्या महिन्यात परत कुलदैवत, त्याच्या पुढे परत ग्रामदैवत. कडक नियमाला आमच्या लोकांनी दिलेलं हे उत्तर. आणि आपल्याकडे माणूस नोकरीला लागला की पहिल्या दिवशी काय विचारतात? गाव कुठलं आणि देव कुठला. जत्रेहून आला की प्रसादाची पुडी टेबलाटेबलावर फिरते. जे लपवायला सांगितलं होतं, नेमकं तेच आम्ही सगळ्यांना वाटून मोकळे झालो होतो. सॉफ्टवेअरवाला ठाण्यात बसलेला, त्याला याचा पत्ताही नव्हता.

धाकटे साहेब देवाधर्मातले नव्हते. त्यांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या गाडीचा नंबर, आणि दर महिन्याला बदलायचा नियम त्यांना नव्हता. गाडी दिवसभर गेटात उभी असायची, नंबराच्या पाटीसकट. वॉचमनलाही माहीत होतं. पण ऑफिसच्या भिंतीवर नोटीस लावली ती त्यांनीच. पासवर्ड ज्याचा, जबाबदारी त्याची. खाली सही, झोकदार.

लॅबच्या बाई मोठ्या साहेबांबरोबर पत्र्याच्या शेडपासून होत्या. बीएस्सी झालेल्या, सिंधुदुर्गातल्या एका गावच्या, डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या. लॅब त्यांच्याकडे होती, पण सगळे त्यांना बाईच म्हणायचे, मॅडम म्हणायला कोणाची जीभ वळायची नाही. त्यांची पद्धत ठरलेली. लॉटमधली चिमूटभर पावडर घेऊन कापडाची पट्टी रंगवायची, वाळवायची, आणि खिडकीशी नेऊन उजेडात बघायची. ट्यूबलाइटखाली बघून पास केलेलं त्यांना चालायचं नाही. घाई असली, साहेब दारात उभे असले, तरी पट्टी वाळल्याशिवाय बाई तोंड उघडत नसत. मी पास केलेला माल कधी परत आलेला नाही, असं त्या म्हणायच्या, आणि ते खरं होतं. त्यांच्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि त्याच्यासाठी त्या सगळ्या कारखान्याशी भांडल्या असत्या.

गणपतीला बाई दर वर्षी गावाला जायच्या. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी मरून रंगाचा एक लॉट आला. पट्टी वाळली ती विटेसारखी दिसायला लागली. बाईंनी नापास टाकलं, पट्टी मला आणून दाखवली आणि म्हणाल्या, हा हलवू नकोस गं, आल्यावर बघते काय करायचं ते. मग एसटीनं गावाला गेल्या.

लॉट भिवंडीच्या एका व्यापाऱ्याचा होता. दिवाळीची कापडं त्याला रंगवून घ्यायची होती, आणि त्यानं गाडी आमच्या गेटवर आणून उभी केली. धाकट्या साहेबांनी त्याला शब्द देऊन ठेवला होता. दुपारी ते डिस्पॅचला आले आणि मला म्हणाले, उठा जरा. मी उठले. माझ्या खुर्चीत बसून त्यांनी लॅबचं नाव टाकलं आणि बाईंच्या कुलदैवताचं नाव टाइप केलं. टूं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा ग्रामदैवताचा महिना आहे. म्हणजे आमची सगळी भानगड त्यांना चांगली ठाऊक होती. तेवढ्यात कॅन्टीनचे मामा चहा घेऊन आले. मामा बाईंच्याच गावाकडचे. धाकट्यांनी त्यांना विचारलं, बाईंच्या गावात देऊळ कुणाचं? मामांनी ट्रे खाली ठेवला, कपाळाला हात लावला आणि सांगितलं, रवळनाथाचं, साहेब, जागृत देवस्थान. धाकट्यांनी टाइप केलं. लॅबचं पान उघडलं.

मी म्हटलं, “साहेब, बाईंनी नापास केलाय तो.”

“उन्नीस-बीस चालतं. आणि व्यापारी कापड रंगाच्या भट्टीत टाकणारच आहे ना, कोण बघतंय?” असं म्हणून त्यांनी लॉट पास केला, खुर्ची मागे सरकवली आणि गाडी सोडायला सांगितली. माझ्या पानावर आता लॉट पास दिसत होता. पास झालेला लॉट अडवायचा रोल सॉफ्टवेअरवाल्यानं मला दिला नव्हता. गाडी गेली. मामा चहाचे कप गोळा करून गेले, आपण कोणाची किल्ली कोणाला दिली हे बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

बाई परत आल्या त्या सगळ्यांसाठी मालवणी खाजा घेऊन. तो अजून वाटून संपला नव्हता तेव्हा भिवंडीचा व्यापारी आला, खांद्यावर कापडाचं ठाण टाकून. मोठ्या साहेबांच्या टेबलावर त्यानं ते उलगडलं. मरून मागितलेला, वीट आली होती. सगळा लॉट तसाच, तो म्हणाला, आता हे नेसणार कोण?

केबिनमध्ये बाईंना बोलावलं, आणि गाडी मी काढलेली म्हणून मलाही. धाकट्यांनी रिपोर्ट पुढे सरकवला. त्यात लॅबच्या नावापुढे पास छापलेलं. बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, मी नापास करून गेले होते आणि त्या दिवशी मी गावाला होते. त्यावर धाकट्यांना लाज वाटायला हवी होती. ते म्हणाले, मग पासवर्ड कोणाला दिलात? नोटीस वाचली नाही? आणि खरोखर मान वळवून भिंतीपलीकडच्या नोटिशीकडे बोट केलं. बाई म्हणाल्या, कोणालाही दिला नाही. मग काय कॉम्प्युटर खोटं बोलतो का, असं धाकट्यांनी विचारलं. इतकं निर्लज्ज माणूस मी बाजारातही पाहिलेलं नव्हतं, आणि बाजारात मी लहानपणापासून बसलेय.

माझं तोंड शेवटी उघडलंच. म्हटलं, “धाकट्या साहेबांनी केलाय पास. माझ्या खुर्चीत बसून. मी शेजारी उभी होते.”

व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. धाकटे पाण्याचा ग्लास शोधायला लागले. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, “तुमचा रोल डिस्पॅचचा. लॅबचं पान बघायचा तुम्हाला अधिकार नाही.”

टूं तेवढी वाजायची राहिली होती. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीलासुद्धा परवानगी लागते हे त्या दिवशी कळलं, आणि ते सांगणारा माणूस तोच, जो गिऱ्हाइकांसमोर छाती फुगवायचा. त्यांना खरं कळलं होतं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं. पण समोर बाहेरचा माणूस बसलेला आणि शेजारी पोटचा पोरगा.

मोठे साहेब बाईंना म्हणाले, चुकून पास झाला असं लिहून द्या, विषय इथेच संपवू, तुमचं काम पहिल्यासारखं चालू राहील. बाई म्हणाल्या, माझ्याकडून चूक झाली असती तर न मागता लिहून दिलं असतं. मग उद्यापासून येऊ नका, मोठे साहेब म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही.

बाई केबिनमधून निघाल्या त्या सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत. मी मागोमाग. दारात त्यांनी चपला काढल्या. नोकरी गेलेली बाई, आणि त्या डबड्यासाठी चपला काढते, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आत बसून त्यांनी स्वतःचा पासवर्ड टाकला. तो अजून कोणी बंद केला नव्हता, तेवढी हुशारी आमच्याकडे नव्हती. मरूनचा लॉट काढला आणि पुन्हा नापास केला. तेव्हा कॉम्प्युटरनं सांगितलं, पास झालेला लॉट बदलायचा तर मॅनेजरची मंजुरी लागेल. मॅनेजर म्हणजे धाकटे साहेब. त्यांचा पासवर्ड टाका, असं म्हणत पडद्यावर एक रेघ लुकलुकत होती.

खिडकीतून त्यांची गाडी दिसत होती. मी म्हटलं, बाई, नंबर वाचा आणि टाका.

“त्यानं माझ्या नावानं केलं म्हणून मी त्याच्या नावानं करू?” बाई म्हणाल्या. “मग मी एवढी वर्षं पट्टी खिडकीशी नेऊन काय बघत होते गं?”

त्या उठल्या, चपला घातल्या आणि डबा घेऊन घरी गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. समोरचा माणूस उघड उघड लुच्चेगिरी करतोय आणि आपण सोवळं सांभाळत बसायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, अजूनही शिरत नाही. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि गाडीचा नंबर टाइप केला. मंजुरी झाली. मला त्याचं कधीही वाईट वाटलेलं नाही. उलट त्या रात्री मी पोटभर जेवले.

मोठे साहेब रोज सकाळी आदल्या दिवसाचा छापील रिपोर्ट वाचायचे. दुसऱ्या दिवशी त्यात आलं, मरून लॉट नापास, मंजुरी मॅनेजरची. धाकट्यांना बोलावलं. ते तावातावानं सांगत होते की मी नाही केलं, कोणीतरी माझा पासवर्ड वापरला. केबिनचं दार उघडं होतं आणि नोटीस माझ्या डोक्यावरच होती, म्हणून मी ती जरा मोठ्यानं वाचली. मोठ्या साहेबांनी बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं, पण मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

दुपारी त्यांनी कंपनीची जीप बाईंच्या घरी पाठवली. बाई आल्या. मला वाटलं, जमलं. केबिनचं दार दुपारीही उघडंच होतं. मोठे साहेब खुशीत म्हणाले, बाई, कॉम्प्युटरमध्ये सगळं नीट झालंय, लॉट नापास दिसतोय, तुमच्यावर काही येत नाही, उद्यापासून या.

हे कसं झालं ते बाईंना समजलं असणार. त्यांनी दारातून माझ्याकडे एकदा बघितलं, ते काही कौतुकानं नव्हतं. मग त्या साहेबांना म्हणाल्या, “कॉम्प्युटरचं राहू द्या. लॉट कोणी पास केला, ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा. मग येते.”

मोठे साहेब रिपोर्टची पानं चाळायला लागले. पत्र्याच्या शेडमध्ये या बाईंनी त्यांच्याबरोबर उभ्यानं डबा खाल्ला होता. एक वाक्य म्हणायचं होतं, तेही बाहेरच्या कोणासमोर नाही. पण पान संपलं, दुसरं उलटलं, तेही संपलं.

“आता रेकॉर्डला नीट आलंय ना, बाई,” ते म्हणाले.

“मग रेकॉर्डलाच लॅबमध्ये बसवा,” बाई म्हणाल्या आणि निघाल्या. माझ्या टेबलावरून जाताना थांबल्या नाहीत. त्यानंतर त्या माझ्याशीही कधी बोलल्या नाहीत.

त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअरवाला ठाण्याहून आला, चपला काढून आत बसला आणि लॅबचा रोल धाकट्या साहेबांच्या रोलला जोडून गेला. जाताना मला म्हणाला, आता वापरायला एकदम सोपं झालंय.